हँडल कोणाच्या हाती?

कोल्हापुरात रविवारी सकाळी मेरी वेदर मैदानावर अथवा रंकाळ्याच्या काठाने फिरावयास जाणाऱ्यास एक प्रसंग हमखास पाहावयास मिळतो : पाच-सहा वर्षांचे मूल सायकलवर बसलेले असते, वडील कमरेत वाकून एका हाताने सीट व दुसऱ्या हाताने हँडल धरून धावत असतात, आणि “समोर बघ, पायडल मार, घाबरू नको” अशी तीन फर्माने एका दमात सुटत असतात. या खटाटोपात मायेची उणीव नसते, कष्टांचीही नसते. उणीव असते ती सायकलचा तोल मुळात कशाने सांभाळला जातो याच्या जाणिवेची. ती नसल्यामुळे या मामल्यात पिढीजात समजुतींचा अंमल चालतो, आणि त्यांतील बहुतेक समजुती मुलाच्या उपयोगी पडण्याऐवजी त्याच्या वाटेत येतात. त्यांची ही क्रमवार तपासणी.

गैरसमज पहिला : चाके फिरतात म्हणून सायकल पडत नाही.

वस्तुस्थिती : फिरत्या चाकाच्या अंगी आपला कल सहजासहजी न बदलण्याची प्रवृत्ती असते, हे खरे, परंतु सायकलचा तोल तिच्यावर विसंबून नाही. डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने पुढच्या चाकाजवळ उलट दिशेने फिरणारे दुसरे चाक बसवून ही प्रवृत्ती जवळजवळ निष्प्रभ केली, तरीही ती सायकल चालविता आली, हे त्याने १९७० साली प्रसिद्ध केले. पुढे २०११ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट व अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी या प्रवृत्तीचा आधार मुद्दाम काढून घेतलेले एक छोटे दुचाकी यंत्र बनविले, आणि तेही स्वाराविना आपला तोल सावरत पुढे गेले.

खरी गोष्ट अशी की, सायकल ज्या बाजूस कलते त्याच बाजूस पुढचे चाक वळले, म्हणजे कलणाऱ्या भाराखाली चाके पुन्हा येऊन पोहोचतात व पडू पाहणारी सायकल सावरते. प्रमाणभूत मानलेल्या एका मोठ्या सायकलचे गणित मांडले असता, ताशी सुमारे १५ ते २२ किलोमीटर वेगात हे वळणे आपोआप घडते असे दिसून आले आहे. शिकणारे मूल इतक्या वेगाने जात नाही. म्हणून यंत्र जे आपोआप करते ते त्याला आपल्या हातांनी करावे लागते. तोल शिकणे म्हणतात ते हेच.

गैरसमज दुसरा : मोठ्यांनी हँडल धरले म्हणजे मूल सुरक्षित राहते.

वस्तुस्थिती : जो हँडल धरतो तो तोलाचे सारे काम आपल्या अखत्यारीत घेतो, आणि मुलाकडे केवळ पायडल मारण्याची हमाली शिल्लक राहते. सायकल डावीकडे कलली, मुलाचे हात डावीकडे वळू लागले, की नेमक्या त्याच क्षणी वडिलांचा बळकट हात हँडल सरळ करतो. अर्थात जी हालचाल शिकावयाची तीच दर खेपेस हाणून पाडली जाते. “हँडल सरळ धर” हा उपदेशही याच कारणास्तव घातक होय. आधार द्यावयाचाच तर मुलाच्या काखेखाली अथवा खांद्यांपाशी हलका हात असावा, आणि मूल कलले तरी लगेच ओढून उभे करण्याची घाई नसावी.

विमानाच्या शोधापूर्वी डेटन येथे सायकलचे दुकान चालविणाऱ्या राईट बंधूंपैकी विल्बर याने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते : उजवीकडे वळू इच्छिणारा स्वार प्रथम हँडल किंचित डावीकडे नेतो, आणि आपण तसे करतो याची बहुतेकांस खबरही नसते. जी विद्या जाणत्या स्वारालाही शब्दांत सांगता येत नाही, ती मुलाला सूचनांच्या भडिमाराने कशी यावी?

गैरसमज तिसरा : बाजूची छोटी चाके ही पहिली पायरी होय.

वस्तुस्थिती : मागच्या चाकाला जोडलेली ती आधाराची चाके सायकलला कलूच देत नाहीत, वळणावर आत झुकावयाचे तेथे मूल बाहेरच्या बाजूस फेकल्यासारखे होते, आणि हँडल हे केवळ दिशा बदलण्याचे साधन आहे अशी त्याच्या अंगाची समजूत होऊन बसते. पायडल मारणे ही या विद्येतील सोपी बाब तेवढी आधी शिकली जाते, आणि अवघड बाब चाके काढण्याच्या मुहूर्तापर्यंत तहकूब राहते.

इतिहासाचा क्रम याच्या उलट आहे. कार्ल फॉन ड्राईस याने १८१७ साली जर्मनीतील मानहाईम येथे चालविलेल्या पहिल्या दुचाकीस पायडल नव्हतेच. स्वार जमिनीला पाय रेटीत जाई व मधूनच पाय उचलून तोलावर तरंगे. पायडल आले ते १८६० नंतरच्या दशकात. मुलासाठीही हाच क्रम सोयीचा. पोर्तुगालमध्ये झालेल्या अभ्यासातही पायडल नसलेल्या सायकलवर आरंभ करणारी मुले बाजूच्या चाकांवर शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरली.

त्यासाठी निराळी सायकल विकत घ्यावयास हवी असे नाही. घरच्याच सायकलचे सीट खाली घ्यावे आणि दोन्ही पायडल काढून ठेवावेत. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, एवढे मात्र ध्यानी ठेवावे; लेथवर आयुष्य काढलेल्या उद्यमनगरातल्या कारागिराला हे सांगावयास नको, इतरांनी मात्र जोर करून आटे खराब करू नयेत. पाना वरच्या अंगास धरून मागच्या चाकाच्या दिशेने फिरविला की दोन्ही बाजूंचे पायडल सुटतात.

गैरसमज चौथा : सायकल जरा मोठीच घ्यावी, म्हणजे पुढे उपयोगी पडते.

वस्तुस्थिती : कपडे वाढत्या अंगाचे घेण्याचा शिरस्ता सायकलला लागू नाही. तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, कैची मारीत मागची पिढी शिकली, ही गोष्ट त्या पिढीच्या जिद्दीचा दाखला आहे. मोठ्या सायकलच्या गुणाचा नव्हे. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत आणि ब्रेकची मूठ मुलाच्या बोटांना लीलया दाबता यावी, या दोन कसोट्यांपुढे १२, १६ की २० इंची चाक हा प्रश्न दुय्यम आहे.

गैरसमज पाचवा : पडल्याशिवाय सायकल येत नाही.

वस्तुस्थिती : पडण्याचे भय असलेले मूल हात ताठ करते, आणि ताठ हातांतले हँडल वळत नाही, तेव्हा पडणे हे शिक्षकाचे काम न करता शिक्षणाचा खोळंबाच करते. कोल्हापूरच्या तालमीतला वस्तादही नवशिक्या पठ्ठ्याला फरशीवर उतरवीत नाही. हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद घालून मऊ केल्यावरच त्याला लंगोट कसावयास सांगतो. येथेही तजवीज आधी हवी : टणक, सपाट, मोकळी जागा, वेग पायांविना मिळावा म्हणून अगदी सौम्य उतार, टेंबलाईच्या टेकडीचा नव्हे, आणि भुवयांच्या वर दोन बोटे बसणारे, हनुवटीखाली पट्टा बांधलेले हेल्मेट. अतिसावकाश जाणे सुरक्षित, ही समजूतही येथेच सोडावी. वेग फारच कमी असला तर हँडल वळवूनही सायकल सावरण्यास अवधी मिळत नाही.

गैरसमज सहावा : ठरावीक वयात न आली तर पुढे येत नाही.

वस्तुस्थिती : कोणी तिसऱ्या वर्षी शिकते, कोणी सातव्या, शेजारच्या मुलाशी तुलना करून घाई करण्यास कोणताही आधार नाही. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, साक्षरता मोहिमेच्या जोडीने हजारो ग्रामीण स्त्रिया प्रौढ वयात सायकल शिकल्या. मुलींना ही विद्या उशिरा येते असे म्हणणाऱ्यांनी, राष्ट्रीय पातळीवर सायकल-शर्यतींत सुवर्णपदके मिळविणाऱ्या आपल्याच जिल्ह्याच्या पूजा दानोळे यांचे नाव आठवावे.

गैरसमज सातवा : तोल आला, आता रस्त्यावर जाण्यास हरकत नाही.

वस्तुस्थिती : तोल ही शरीराची विद्या आहे आणि रहदारी ही अंदाजाची. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कृत्रिम रस्त्यावर झालेल्या प्रयोगांत दहा-बारा वर्षांची मुले रस्ता ओलांडण्यासाठी दोन वाहनांमधील तेवढीच फट निवडीत जेवढी मोठी माणसे निवडीत. पण निघण्यास त्यांना क्षणभर उशीर होई, आणि येणारे वाहन फार जवळ येऊन ठेपे. ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत हंगामभर ज्या रस्त्यांनी धावतात, तेथे या क्षणभराची किंमत काय, हे कोल्हापूरकरास सांगणे नलगे.

पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेऊन धातूचा बिल्ला देत. पण तो बिल्ला सायकलचा असे, स्वाराच्या कसबाचा नव्हे. कसबाचा दाखला देणारे दफ्तर त्या काळीही घर हेच होते व आजही आहे. आखलेल्या रेषेवर ब्रेक लावून नेमके थांबणे, मान वळवून मागे पाहताना सायकल सरळ ठेवणे आणि एक हात सोडून वळण्याची खूण करणे, या तीन गोष्टी मूल मैदानावर न चुकता करू लागेपर्यंत तो दाखला राखून ठेवावा. आणि त्यानंतरही प्रारंभीची मजल घरच्या गल्लीपुरती, मोठे माणूस बरोबर असतानाच, मंजूर करावी.