पिशवी जांभळी का झाली?

लघवीची नळी लावून अंथरुणाला खिळलेल्या आजी, आणि एका सकाळी पिशवी चक्क जांभळी! वृद्धाश्रमातल्या मावशी हबकणारच. पण यामागची करामत कळली की आपण तोंडात बोट घालतो.

डाळी-दुधात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं इंडोल करतात, यकृत त्यावर आणखी हात फिरवतं, मूत्रपिंडं ते लघवीत सोडतात. इथवर रंगाचा पत्ता नाही. मग नळीत नि पिशवीत वस्तीला आलेले जिवाणू ते द्रव्य फोडतात, हवेचा प्राणवायू मिळतो आणि तयार होते नीळ. तीच, जीन्स रंगवणारी! सोबत थोडा तांबडा रंगही उतरतो. दोन्ही मिळून जांभळा. आजींना बद्धकोष्ठ असेल तर कच्चा माल आणखी जास्त.

पण हे जिवाणू आत शिरले कसे? एरवी लघवीचा लोंढा नाल्याच्या पहिल्या पुरासारखा सगळं धुऊन नेतो. नळी बसली की लोंढा संपला, उरली ठिबक. नळी आत टिकते ती टोकाजवळच्या पाण्याने फुगवलेल्या फुग्यामुळे. फुग्याची ही नळी अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोले यांची, ती आली 1930 च्या दशकात. केवढा दिलासा! मात्र मूत्राशयात फुग्याखाली थोडी लघवी साचून राहते, आणि नळीवर जिवाणू चिकट थर विणतात. त्या थरात औषधाची मात्रा नीट चालत नाही. नळी असलेल्या शंभरांपैकी साधारण तीन ते सात जणांच्या लघवीत दर दिवशी नव्याने जिवाणू सापडतात. महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच.

मग हात टेकायचे? छे! पूर्वी नळी उघड्या बाटलीत सोडत, तेव्हा चारेक दिवसांतच जवळपास सगळ्यांच्या लघवीत जिवाणू यायचे. बंद पिशवीने तो काळ लांबवला. म्हणून नळी-पिशवीचा जोड उगाच सोडायचा नाही. मिरजेहून तासगावला जीपने नेताना पिशवी आजींच्या पोटावर ठेवली, की साचलेली लघवी उलटी वर चढू शकते! पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. ती रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, तोटी भांड्याला लागू द्यायची नाही. नळीभोवती रोज साबण-पाणी पुरे, जंतुनाशक चोळायला नको.

आणि जांभळा रंग? तो स्वतः निरुपद्रवी. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं किंवा अचानक भ्रम झाला तर लगेच डॉक्टर गाठायचे. तसं काही नसेल तर नुसत्या रंगासाठी सहसा अँटिबायोटिक लागत नाही. नळी-पिशवी बदलतात, पोट साफ होईल असं बघतात. आणि नळी आता काढता येईल का, हेही त्याच वेळी विचारून घ्यायचं.