स्वादुपिंडाचा जीर्ण दाह आणि मधुमेह

‘पॅन्क्रिअस’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सर्व मांस’ असा आहे. ‘इन्शुलिन’ हे नाव मात्र ‘बेट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून बनले आहे. स्वादुपिंडाची दोन अंगे या दोन नावांत उमटली आहेत. पाचकरस स्रवणाऱ्या पेशी हे त्याचे बहुतांश मांस होय. त्या मांसात विखुरलेली वेगळ्या पेशींची बेटे पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णिली. या बेटांतील बीटा पेशी इन्शुलिन, तर अल्फा पेशी ग्लुकागॉन निर्माण करतात.

जीर्ण दाहाचा आघात प्रथम मांसावर होतो. पाचकरसाच्या पेशी नष्ट होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढते, नलिका विकृत होतात व त्यांत कित्येकदा कॅल्शियमचे खडे साठतात. बेटे काही काळ तग धरतात. परंतु तंतूंनी वेढली गेल्यावर त्यांचाही ऱ्हास होतो, इन्शुलिन घटते व मधुमेह प्रकट होतो. पोटातून पाठीकडे जाणारी कळ पुष्कळदा त्याच्या अनेक वर्षे आधी सुरू झालेली असते.

या मधुमेहात अल्फा पेशींचीही हानी होते, हा महत्त्वाचा भेद होय. रक्तातील साखर उतरली असता यकृतातील साठा मोकळा करविणे हे ग्लुकागॉनचे कार्य. तेच क्षीण झाल्याने इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते. डहाणू-तलासरीकडील वीटभट्टीवर वा चिकूच्या वाडीत राबणाऱ्या, जेवणाची वेळ निश्चित नसलेल्या मजुराच्या बाबतीत हा धोका विशेष ध्यानात घ्यावा लागतो.

मद्य हे या रोगाचे एक प्रमुख कारण आहे, एकमेव नव्हे. भारतासारख्या उष्ण देशांत मद्याला न शिवलेल्या कृश तरुणांतही खड्यांसह हा रोग आढळतो. त्यांपैकी अनेकांत ‘स्पिंक-१’ या जनुकातील बदल दिसून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये हा प्रकार कुपोषणजन्य मधुमेहात घातला होता. १९९९ च्या वर्गीकरणात तो स्वादुपिंडाच्या रोगांत गेला. ताडीच्या मुलखातील रुग्ण म्हणजे मद्यपीच, असे गृहीत धरल्यास खरे निदान हुकते.

म्हणून कृश मधुमेही रुग्णाला जुन्या पोटदुखीविषयी व तेलकट शौचाविषयी विचारणे अगत्याचे आहे. तंतुमय झालेले ऊतक पूर्ववत होत नाही. परंतु मद्य व तंबाखू वर्ज्य करणे, जेवणासोबत पाचक विकरे घेणे आणि बेताचे इन्शुलिन, यांनी रुग्णाचे अन्न पुन्हा अंगी लागू शकते.