दावे की वैरण?

वीस वर्षांपूर्वी एका संस्थेतली अधिव्याख्यात्याची नोकरी सोडायला निघालो, तेव्हा कळले की माझी मूळ प्रमाणपत्रे संस्थेच्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली कार्यवाहांच्या कमरेला! पुढच्या गावी पगार बरा होता. "एवढे पेपर तपासून द्या, मग पाहू," असे होता होता पाच महिने गेले आणि ती जागाही गेली. त्या पाच महिन्यांत मी कसे शिकवले, ते वाचकहो, माझ्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

फोर्डसाहेबाची गोष्ट वाचताना मला ते कपाट आठवते. १९१३ साली डेट्रॉइटनजीक हायलंड पार्कच्या कारखान्यात मोटारी सरकत्या साखळीवर जुळू लागल्या. सांगाडा जुळवायला साडेबारा तास लागत, ते पुढे दीड तासावर आले. पण माणूस टिकेना! दिवसभर एकच बोल्ट आवळत कोण उभा राहील? सुमारे १४,००० माणसे कामावर असावीत म्हणून वर्षात ५२,००० हून अधिक भरावी लागली. नवा आला की शिकवा, शिकला की तो चालला. अखेर जानेवारी १९१४ मध्ये साहेबाने नऊ तासांच्या २.३४ डॉलरऐवजी आठ तासांना ५ डॉलर जाहीर केले. (सरसकट सर्वांना नव्हे, शिवाय कामगाराच्या घरी निरीक्षक येऊन त्याची दारू आणि शिल्लक दोन्ही तपासत!) ३७० टक्क्यांची गळती १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर आली. कामगाराला दार उघडे होते, म्हणून साहेबाचा हात सैल झाला.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घरात खर्चून गेलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही, मग दुसरा मुकादम कितीही बरा असो. उरलेली बाकी पुढल्या हंगामाच्या डोक्यावर. पैसा इथेही आगाऊ मिळतो, पण तो वैरण नव्हे, दावे.

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे त्याच धंद्यात दुसरीकडे काम करायचे नाही, असे कंपनीने लिहून घेतलेले. म्हटले, "घाबरू नकोस. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ वाच. असली अट टिकत नाही. तुझी प्रमाणपत्रे कुठे आहेत?"

"त्यांच्याकडेच आहेत, सर."