मोहोर, माशी आणि ‘कशासाठी?’

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की सर, तुम्ही कांट शिकवायचात, आता निवृत्तीनंतर झाडं लावता, या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे का? मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. बागेपासून सुरुवात करू, तत्त्वज्ञान वाटेत येईलच.

साताऱ्याला आमच्या घरामागे तीन-साडेतीन गुंठ्यांची परसबाग आहे. एक जुना रायवळ आंबा, एक हापूस, दोन कागदी लिंबं, शेवगा, जांभूळ, पेरू, पपया. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण परसातला वसंत पंचांगाचं ऐकत नाही. पौषाच्या शेवटाला हापूस मोहोरतो, माघात शेवगा पांढरा होतो, फाल्गुनात लिंबं फुलतात. चैत्रात जांभळीला तुरे येतात तेव्हा झाडाखाली उभं राहिलं तर डोक्यावर कुणी तंबोरा लावून बसलंय असं वाटतं. म्हणजे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण कैरीची डाळ वाटतो, तेव्हा वसंताचं खरं काम जवळजवळ उरकलेलं असतं.

हे काम कोण करतं? आपण सरसकट ‘मधमाशा’ म्हणतो, पण आमच्या परसात निदान चार जाती येतात. आग्या मोठी, उघड्यावर एकच प्रचंड पोळं बांधणारी. ती उंच झाडावर नाहीतर पाण्याच्या टाकीला. फुलोरी लहान, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावते. पोया म्हणजे डंख नसलेली, मुंगीएवढी, भिंतीच्या फटीत राहणारी. आणि सातेरी. ही अंधारात, पोकळीत राहते आणि एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. महाबळेश्वरच्या डोंगरातले लोक पेटीत पाळतात ती हीच. आमच्या मागच्या दगडी भिंतीत एक खबदाड आहे, तिथे सातेरीचं मोहोळ बरीच वर्षं होतं. ‘होतं’ म्हणालो. त्याकडे येतो.

आधी फुलाकडे पाहू. आंब्याचा मोहोर हातात घेऊन बघा. एका तुऱ्यावर हजारांनी फुलं, प्रत्येक फूल ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यातली बरीचशी नुसती नर, काही द्विलिंगी. फळ धरू शकतात ती द्विलिंगीच, आणि त्यातलीही बहुतेक गळतात. अख्ख्या तुऱ्याला दोन आंबे टिकले तरी आपण खूश. या फुलातला मध उघड्यावर, उथळ असतो. त्यामुळे लांब सोंड नसलेल्या साध्या माशांनाही तो मिळतो, आणि आंब्याचं परागीभवन मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडूनच होतं, मधमाशी त्यांच्या जोडीला. आपण घरात जिला वर्तमानपत्राची घडी करून मारतो, तिच्या भाऊबंदांकडे हापूसचं खातं आहे! पपईचं फूल याच्या उलट. फिकट, नळीसारखं, संध्याकाळी वास सुटणारं. ते वाट बघतं पतंगाची. शेवग्यावर काळे भुंगे. म्हणजे फुलाचा आकार, रंग, वेळ बघून ‘तू कुणासाठी?’ असं विचारता येतं, आणि पुष्कळदा उत्तरही मिळतं.

आता इथे माझ्यातला जुना मास्तर जागा होतो. कारण मी तीस-बत्तीस वर्षं विद्यार्थ्यांना बजावलं, की निसर्गाला ‘कशासाठी’ विचारू नका, ‘कसं’ विचारा. पाऊस पिकांसाठी पडत नाही, पडतो म्हणून पिकं येतात. हे बरोबरच आहे. पण कांटने १७९० च्या त्याच्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये एक अडचण मोकळेपणाने मांडली आहे. त्याने उदाहरण घेतलं तेही झाडाचंच. झाड आपल्यासारखं दुसरं झाड निर्माण करतं. झाड वाढताना स्वतःलाच घडवतं. आणि पानं झाडामुळे जगतात, झाड पानांमुळे. घड्याळात एक चाक दुसऱ्याला फिरवतं, पण एक चाक दुसरं चाक तयार करत नाही. अशा वस्तूचा विचार ‘कशासाठी’ हा शब्द न वापरता आपल्याला करताच येत नाही, असं कांट म्हणतो. मात्र हा आपल्या विचाराचा मार्ग झाला. त्यावरून निसर्गात खरोखर कुणाचा हेतू आहे असं सिद्ध होत नाही. ही त्याची सावधगिरी विद्यार्थी परीक्षेत हमखास विसरायचे.

याच सुमारास, बर्लिनजवळ स्पांडाऊ गावच्या शाळेत एक मुख्याध्यापक होता, क्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल. १७८७ साली त्याला जिरेनियमच्या एका रानफुलात पाकळीच्या बुडाशी बारीक केस दिसले. तो श्रद्धाळू माणूस. त्याला वाटलं, निर्मात्याने एक केसही उगाच केला नसेल, मग हे कशासाठी? बघता बघता लक्षात आलं, की त्या केसांमुळे पावसाचं पाणी मधात मिसळत नाही. मग मध कुणासाठी जपायचा? कीटकांसाठी. मग कीटक फुलाच्या काय कामाचे? असं करत करत त्याने शेकडो जातींची फुलं तपासली आणि १७९३ मध्ये पुस्तक काढलं. त्याच्या काळाने त्याकडे पाठ फिरवली. दुसऱ्याच वर्षी त्याची मुख्याध्यापकीही गेली. फुलांपायी शाळेकडे दुर्लक्ष करतो अशी तक्रार होती, आणि ती अगदीच खोटी नसावी! पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी ते पुस्तक डार्विनच्या हाती पडलं आणि त्याने त्याची किंमत ओळखली.

गंमत बघा. प्रश्न चुकीच्या गृहीतकातून आला, पण त्याने जे दाखवलं ते खरं निघालं. डार्विननंतर आपण म्हणू शकतो, की कुणी योजना न करताही ‘साठी’ घडतं. माशी झाडाचं भलं करायला येत नाही, तिला पोट भरायचंय. झाडही माशीवर उपकार करत नाही. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवलंय. तिचा तो सोयीचा भाग. पण त्यामुळे लिंबाचा पराग लिंबावरच पोहोचतो, जांभळीवर वाया जात नाही.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी हापूसवर तुडतुडे फार झाले. हे मोहोराचा रस शोषतात, चिकट पाणी सोडतात, त्यावर काळी बुरशी धरते आणि मोहोर गळतो. सौ. म्हणाली, यंदा नातवंडं मे महिन्यात येणार आहेत, झाडाचं काहीतरी करा. मी दुकानातून औषध आणलं, फवारणाऱ्या माणसाला बोलावलं. सकाळी नऊची वेळ, ऊन छान पडलेलं, मोहोर पूर्ण उमललेला. त्याने पाठीवरच्या पंपाने झाड न्हाऊ घातलं. मी खाली उभा राहून ‘वरच्या फांदीला पण मार’ असं सांगत होतो.

दुपारी भिंतीखाली माशा पडायला लागल्या. गोल गोल फिरायच्या, उलट्या व्हायच्या. मेलेल्यांच्या सोंडा बाहेर आलेल्या. संध्याकाळी केरसुणीने लोटल्या तर सुपलीभर निघाल्या. आठवड्याने खबदाडाला कान लावला, आत आवाज नव्हता.

आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या वर्षी आंबे आले, चांगले आले, नातवंडांनी खाल्ले. एरवी आपण लोकांना काय सांगतो? माशा मारू नका, त्या मेल्या तर फळ धरणार नाही. माझ्या झाडाने तर हा हिशेब खोटा पाडला. झाडावर बाकीच्या माशा पुढच्या दिवसांत आल्या असतील, फळधारणा आधीच झाली असेल, कारण काहीही असो. मग मी चुकलो असं कोणत्या आधारावर म्हणायचं?

कांटकडे गेलो तर तिथे फारसं हाती लागलं नाही. झाडाविषयी इतकं सूक्ष्म लिहिणारा हा माणूस नीतीच्या दालनात शिरला की स्वतःच साध्य असण्याचा मान फक्त विवेकशील व्यक्तीला देतो. प्राण्यांशी क्रूर वागू नये, कारण त्याने आपण माणसांशीही कठोर होऊ, इतकंच. पण मी क्रूर नव्हतोच हो! माझ्या मनात माशी नव्हतीच मुळी.

आणि नेमका हा मुद्दा मला उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सापडला. जैन वर्गीकरणात भुंगा-माशी चतुरिंद्रिय, म्हणजे कान सोडून बाकी चार इंद्रियं असलेले जीव. पण महत्त्वाची आहे हिंसेची व्याख्या. प्रमादामुळे, म्हणजे बेसावधपणामुळे, प्राण जाणं ही हिंसा, अशा अर्थाची ती व्याख्या आहे. तिच्या केंद्रस्थानी द्वेष नाही, क्रौर्य नाही, प्रमाद आहे. मी हे सूत्र एम.ए.ला दरवर्षी शिकवायचो आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, ही व्याख्या जरा सैल आहे. सकाळी नऊ वाजता, उमललेल्या मोहोराखाली उभं राहून, हे फूल आत्ता कुणासाठी उघडं आहे हा प्रश्न मला सुचला नाही. स्प्रेंगेलला एका केसावरून सुचला होता. माशीला हक्क असतात की नाही यावर मी आजही ठाम बोलणार नाही. पण तो प्रश्न न सुचणं हा माझा दोष होता, एवढं मी ठामपणे म्हणतो.

दोन वसंत खबदाड रिकामं गेलं. यंदा माघात एक दिवस अकराच्या सुमारास सातेरीचा थवा आला, तासभर शेवग्याला लोंबकळला आणि दुपारी त्याच भोकात शिरला. मी जेवण सोडून बघत होतो.

आता मी मोहोर उमलायच्या आत झाड बघतो, काही करायचं तर तेव्हाच. फुलं उघडल्यावर नाही. पण शेजारच्या अण्णांची नऊ हापूस आहेत, वर्षाचा बराच खर्च त्यावर निघतो. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू? गेलो, स्वतःची गोष्ट सांगितली. अण्णा म्हणाले, “सर, तुमचं खरं असेल, पण तुडतुडा माझ्यासाठी थांबत नाही.” शेवटी ठरलं ते असं, की ते सूर्य मावळल्यावर फवारतात आणि आदल्या दिवशी मला फोन करतात. मी अंधार पडल्यावर भोकापुढे ओलं गोणपाट सैलसर लावतो, दुसऱ्या दिवशी दुपारी काढतो. औषधाचा अंश मोहोरावर त्यानंतरही राहतो, तेव्हा हा उपाय अर्धाच आहे. यंदा दोनदा लावलं. काही माशा मेल्या, मोहोळ टिकलं. काल सकाळी निघताना कान लावून आलो.

इथे थांबतो. मागे काही हात वर झालेले दिसतायत, प्रश्न घेऊ या.