सरकारी लिलावातील टेबल घरी आणताय? आधी हे पाहा

जेवणाची खोली, मुलांची अभ्यासाची जागा आणि पाहुण्यांची झोपायची सोय. हिंगोली, वसमत, कळमनुरीतील अनेक घरांत ही एकच खोली असते. तिथे भक्कम टेबल हवे, तर सरकारी कार्यालयांच्या निर्लेखित साहित्याच्या लिलावावर नजर ठेवता येते. जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण तहसील कार्यालये त्याहून जुनी. त्यामुळे एखादे सागवानी टेबल निघण्याची आशा असते.

अडचण अशी, की माल बहुधा सुटा विकत नाहीत. टेबलासोबत मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटे असा ढीगच घ्यावा लागतो. शिवाय अनामत रक्कम, कर आणि टेम्पोचे भाडे. हे भंगार व्यापाऱ्याला परवडते, घराला नाही. म्हणून लिलावानंतर त्याच्याकडूनच हवे तेवढे घेणे शहाणपणाचे.

विक्री 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर होते. नंतरची तक्रार चालत नाही. टेबल उलटे करून वाळवी आणि छिद्रांतून पडणारा बारीक भुगा तपासावा. माणशी दोन फूट धरले, तर सहा फुटी टेबलाच्या एका बाजूला तिघे बसतात. मात्र ऑफिसच्या टेबलाला पुढे फळी असते, समोरच्याचे गुडघे तिच्यावर आपटतात. ती सुताराकडून काढून घ्यावी.