जनावरांची भावकी, किड्यांची नव्हे

मालेगाव समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तरी चारशे किलोमीटरांहून दूर. वाशीम जिल्ह्यातल्या या तालुक्यात डॉल्फिन दिसतो तो टीव्हीवरच. तरीही आपल्या म्हशीच्या यकृतातला किडा आणि डॉल्फिनच्या यकृतातला किडा एकाच भावकीचे, असे शास्त्रज्ञ बरीच वर्षे धरून चालले होते.

म्हशीचा किडा म्हणजे फॅसिओला जायगँटिका. कडुनिंबाच्या पानाएवढा, तसाच लांबट आणि चपटा. रोगट यकृत कापले की जाड झालेल्या पित्तनलिकेतून तो बाहेर येतो. थॉमस स्पेन्सर कॉबोल्ड या इंग्रज संशोधकाने १८५५ साली जिराफाच्या यकृतातून त्याचे वर्णन केले. याच कॉबोल्डने १८५८ मध्ये पॉरपॉइज या छोट्या सागरी सस्तन प्राण्यातल्या कृमीला कॅम्प्युला हे नाव दिले आणि १८७६ मध्ये गंगेतल्या डॉल्फिनमधल्या कृमींवर लिहिले.

दोन्ही कृमी चपटे, दोघांचा मुक्काम पित्तनलिकांत, दोघांच्या आतड्याला फांद्या. १९२६ मध्ये ओडनर या संशोधकाने त्यांना जवळचे ठरवले आणि पुढच्या अभ्यासकांनी तेच उचलून धरले. त्यांच्या यजमानांचे नाते तर खरोखरच रक्ताचे आहे. देवमासे आणि डॉल्फिन हे खुरांच्या प्राण्यांचे वंशज. जम्मू भागातल्या कालाकोटच्या खडकांत सापडलेल्या इंडोहायस या छोट्या खुरी प्राण्याने २००७ मध्ये त्याला भक्कम पुरावा दिला. मग पूर्वज पाण्यात उतरले तेव्हा यकृतातले बिऱ्हाडही सोबत गेले असेल, असे कोणालाही वाटावे.

अडचण गवताची होती. म्हशीच्या किड्याची अंडी शेणातून पाण्यात जातात, पिल्ले गोगलगायीत वाढतात आणि बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात. डॉल्फिन गवत खात नाही.

१९९८ मध्ये मर्सिडीस फर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी जनुकांचे क्रम ताडून पाहिले. डॉल्फिनच्या किड्यांचे सख्खे नातलग निघाले ते समुद्री माशांच्या आतड्यातले कृमी. डॉल्फिनच्या नाकाजवळच्या पोकळ्यांत राहणारा नासिट्रेमाही त्याच कुळातला ठरला. २००३ मधल्या चपट्या कृमींच्या मोठ्या वंशवृक्षानेही हेच दाखवले. म्हणजे हे बिऱ्हाड जमिनीवरून गेलेच नव्हते. पूर्वज समुद्रात गेल्यावर ते माशांकडून आले. म्हशीच्या किड्याचे जुने नातलग मात्र आफ्रिकेतल्या हत्तीच्या पोटात सापडतात.

फांद्यांचे आतडे आणि पित्तनलिकेतले घर यांवरून मांडलेली भावकी अशी मोडली. गुराख्याच्या कामाचे सूत्र मात्र बदललेले नाही: गोगलगाय आणि काठचे ओले गवत. जनावराच्या जबड्याखाली पाणी उतरले, खंगणे सुरू झाले, तर शेण तपासून घ्या आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषध पाजा. डबक्याकाठी चरायला सोडणे टाळलेत, तर ती वेळच कमी येईल.