फ्लटरचा नवा रेंडरर
एकदाच लिहिलेल्या कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी अ‍ॅप तयार करता यावे, यासाठी गूगलने विकसित केलेल्या फ्लटर या फ्रेमवर्कची १.० आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. फोनच्या प्रणालीने पुरवलेली तयार बटणे न वापरता पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे ठिपका, स्वतः रंगवणे हे त्याचे वेगळेपण. हे रंगकाम, ज्याला रेंडरिंग म्हणतात, आरंभी स्किया या लायब्ररीकडे होते. क्रोम आणि अँड्रॉइडही स्कियाच वापरत असल्याने ती निवड वावगी नव्हती. दोष दिसे तो अ‍ॅप पहिल्यांदा हाताळणाऱ्याला.

सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमसाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, १२० वेळा बदलणाऱ्यावर तर ८च. जीपीयू या चित्रणाच्या चिपला रंग कसा भरायचा हे सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामला शेडर म्हणतात, आणि स्किया तो अ‍ॅप चालू असतानाच, गरज पडेल तसा, जुळवत असे. उतरत्या रंगछटा, धूसर सावली, गोलाई दिलेली कड यांचा नवा मेळ समोर आला की नवा शेडर लागे, आणि त्या फोनच्या जीपीयूसाठी तो कंपाइल होईपर्यंत, म्हणजे यंत्रभाषेत उतरेपर्यंत, प्रसंगी शंभरावर मिलिसेकंद जात. पंगत बसल्यावर पुरणाची डाळ शिजत घालावी, तशातला हा प्रकार. पान बदलताना चित्र क्षणभर अडखळे; दुसऱ्या खेपेस, शेडर साठवलेला असल्याने, तीच हालचाल सुरळीत होई, म्हणून चाचणीत हा दोष सहज निसटत असे. लागणारे शेडर आधीच नोंदवून अ‍ॅपसोबत देण्याची सोय २०२० मध्ये झाली खरी, पण नोंद एका जीपीयूवर आणि वापर भलत्याच जीपीयूवर, अशा स्थितीत ती मलमपट्टीच ठरली.

अखेर रेंडररच नव्याने लिहिण्यात आला. इम्पेलर नावाच्या या रेंडररमधील शेडर मोजके असून ते फ्लटरचे इंजिन बांधतानाच कंपाइल होतात, रंग किंवा त्रिज्येसारखे तपशील त्यांना पुढे आकड्यांच्या रूपाने पुरवले जातात, आणि विशिष्ट चिपसाठीचे उरलेले रूपांतर शक्यतो आधीच उरकले जाते. एखाद्या चित्रासाठी खास घडवलेला शेडर अधिक वेगवान असू शकतो, आणि तेवढ्या लाभावर येथे पाणी सोडलेले आहे. परंतु वापरणाऱ्याचा डोळा सरासरी वेग मोजत नाही, अडखळणे तेवढे टिपतो, त्यामुळे हा सौदा रास्तच म्हटला पाहिजे.

अ‍ॅपलच्या फोनमध्ये चिप ठरावीक आणि जीपीयूशी बोलण्याचा मार्गही मेटल हा एकच असल्याने तेथे इम्पेलर मे २०२३ मध्येच, ३.१० आवृत्तीपासून, रुळला. अँड्रॉइडवर त्याची भिस्त व्हल्कन या मार्गावर आहे, आणि त्यासाठीची ड्रायव्हर सॉफ्टवेअरे चिपगणिक निराळी, काही तर सदोष. तेव्हा अँड्रॉइड १० व पुढील फोनवर तो आपोआप लागू होण्यास डिसेंबर २०२४ उजाडले, आणि व्हल्कन नसेल तेथे जुन्या ओपनजीएलवर काम भागवले जाते. फेब्रुवारी २०२५ च्या ३.२९ आवृत्तीने आयफोनवर स्कियाकडे परतण्याची वाट बंद केली; ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्लटर अ‍ॅपचे रंगकाम मात्र त्यानंतरही स्कियाच करत राहिली.